गेऑर्गची खोली

काल मोळी टाकली. चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, साखळी करकरली आणि आमच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला. आज सकाळी कॉलनीला जाग आली ती बैलांच्या घुंगरांनी. फाटकापासून कालव्याच्या पुलापर्यंत गाड्यांची रांग लागली आहे. गाडीवान गाड्यांखाली घोंगड्या टाकून पडलेत, बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडल्यात. चार दिवसांत मळीचा वास सुटेल आणि मग उन्हाळ्यापर्यंत तो काही जायचा नाही. माझी बायको म्हणते, अहो, हंगाम आला की तुमचा स्वभाव बिघडतो. तिचं खरं आहे. पण तिला वाटतं तसं ते कामामुळे होत नाही. यंदा तर त्यात एका पाकिटाची भर पडली आहे. सोमवारपासून ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.

माझा पहिला हंगाम इथला नव्हे. तो रेगेन्सबर्गजवळचा, आणि उसाचा नव्हे, बीटाचा. पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागात सहकारी कारखाना उभा राहत होता आणि कुणीतरी साखरेचं शास्त्र शिकून यायला हवं म्हणून संचालकांनी मला जर्मनीला धाडलं. निघताना स्टेशनवर बँड होता. एवढे हार गळ्यात पडले की मला समोरचं दिसेना, आणि तिथेच माझी वाट बंद झाली. ज्याच्या गळ्यात सगळ्या तालुक्यानं हार घातले, त्याला मध्येच परत येता येत नाही.

शिक्षणाचा भाग म्हणून एक पूर्ण हंगाम कारखान्यात काढायचा होता. हंगामाला तिकडे कांपान्ये म्हणतात. ती सुरू झाली की बीट संपेपर्यंत थांबत नाही. रविवार नाही, सण नाही, आजारपणसुद्धा फोरमनला पटेल एवढंच. शहरात खोली मिळेना, म्हणून मी सायकलीच्या वाटेवरच्या एका खेड्यात राहिलो, विधवा फ्राऊ हुबर यांच्या घरी, माडीवरच्या खोलीत. उतरतं छप्पर, हातरुमालाएवढी खिडकी आणि खिडकीबाहेर डॅन्यूबचं धुकं. ऑक्टोबरात ते एकदा बसलं की उठतच नव्हतं. मी धुक्यातून कारखान्यात जायचो, वाफेत बारा तास उभा राहायचो आणि धुक्यातून परत यायचो. उकडलेल्या बीटाचा वास, चिखल आणि गोड यांच्या मधला, माझ्या कोटात, केसांत, उशीत भरलेला असे. अण्णांना मात्र मी दर आठवड्याला लिहायचो की इकडे सर्व क्षेम आहे, हवा थंड पण आरोग्यदायी आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या गावात ते मास्तर होते आणि शाळेच्याच एका कोपऱ्यात पोस्टाची पेटी सांभाळायचे. गावाला वाचता येत नव्हतं. त्यामुळे गावाची पत्रं अण्णांच्या तोंडून गावाला कळायची. मी त्यांच्या शेजारी बसून ती चोरून वाचत असे आणि मला लवकरच समजलं की अण्णा सगळं वाचत नाहीत. कुणी गेल्याचं असलं, कुणी कुणाला टाकल्याचं असलं, की ते त्या ओळीवरून अलगद पुढे सरकायचे, पावसापाण्याचं वाचायचे, कार्ड परत द्यायचे. संध्याकाळी मग चप्पल घालून त्या घरी जायचे. माणसं जेवली आहेत, शेजारी कुणी बसलं आहे, असं बघून राहिलेलं सांगायचे. मला हे फार थोर वाटायचं. अजूनही वाटतं. फक्त त्यातला निम्मा भाग चप्पल घालण्याचा आहे, हे मला उशिरा समजलं.

हुबरबाई साठीच्या होत्या. नवरा युद्धावरून परतला नव्हता. डोळ्यांना असं काही झालं होतं की जे समोर बघावं तेवढंच पुसल्यासारखं व्हायचं आणि कडेचं दिसायचं. त्यामुळे त्या माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघून बोलत. पहिले काही दिवस मला वाटलं, माझ्या कानात काही आहे. त्यांचा मुलगा टोनी चोवीस वर्षांचा. अठरा गाई, बीट, बटाटे, सगळं तो एकटा ओढायचा. कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगेत तो चार चार तास बसलेला मला दिसायचा, ओल्या कॉलरमध्ये मान खुपसून. बीट टाकायचं, गाईंसाठी चोथा भरून घ्यायचा, परत. मला म्हणायचा, तू निदान काही महिन्यांनी सुटशील.

त्या ऑक्टोबरात घरी अमेरिकेहून एक इंग्रजी पत्र आलं. शंभर वर्षांपूर्वी या घरातला धाकटा मुलगा गेऑर्ग विस्कॉन्सिनला गेला होता. तिकडच्या रिवाजाप्रमाणे शेत थोरल्याकडे अखंड राहायचं. धाकट्यानं चाकरी करायची, किंवा निघून जायचं. लग्न होईपर्यंत त्याचा हक्क फक्त एका खोलीवर, माडीवरच्या. आता गेऑर्गच्या पणतूनं लिहिलं होतं की आम्हाला पणजोबांचा सगळा इतिहास हवा आहे, तुमच्याकडे त्यांची पत्रं असतील. आणि खाली, सहज लिहिल्यासारखं: घरात कुणी तरुण असेल आणि यायची इच्छा असेल, तर आमच्या शेतावर जागा आहे. मी हे जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा टोनीनं चमचा खाली ठेवला. हुबरबाईंनी माझ्या कानाकडे बघत मला तेवढं वाक्य पुन्हा सांगायला लावलं.

पत्रं होती. पेटीत, चाळीसेक. पण जुन्या लिपीत, जी टोनी शाळेत जाईतो बंद झाली होती. त्याला ते कुंपणाच्या काट्यांसारखं दिसायचं. बाईंना लिपी येत होती, पण अक्षर दिसत नव्हतं. मी ती पत्रं पाहिली आणि आगाऊपणानं म्हणालो, मी शिकतो. अण्णांनी मला लहानपणी मोडी शिकवली होती. हात न उचलता पळणाऱ्या अक्षरांची मला भीती वाटत नव्हती. शिवाय त्या खोलीत बसून धुकं बघण्यापेक्षा काहीही बरं होतं.

बाईंनी टोनीची शाळेतली पाटी काढली. खालच्या स्टुबेमध्ये, म्हणजे घरातल्या एकुलत्या एक उबदार खोलीत, शेगडीच्या बाकावर बसून त्या खडूनं अंगठ्याएवढं अक्षर काढत. मी खाली तसंच गिरवायचं. मग पाटी खिडकीशी तिरकी धरून, डोळ्याच्या कडेनं त्या तपासत. चुकलं की पुसून टाकत. अंगठ्याहून लहान अक्षर त्यांना दिसायचं नाही, त्यामुळे मी ती लिपी शिकलो ती राक्षसी आकारातच. तीन आठवड्यांत पत्रं लागायला लागली.

मग आमचा एक परिपाठ बसला. माझी रात्रपाळी असली की दुपार मोकळी. मी वर एकेक पत्र आधी लावून घ्यायचो, मग खाली येऊन मोठ्यानं वाचायचो. निम्मे शब्द गावठी बोलीतले, मला कळायचे नाहीत. मी नुसतेच उच्चारायचो आणि बटाटे सोलणाऱ्या हुबरबाईंना ते कळायचे. वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही आणि जिला अर्थ लागतो तिला अक्षर दिसत नाही, अशी आमची जोडी.

गेऑर्ग वर्षातून एकदा लिहायचा, सुगी उरकल्यावर. पहिल्या हिवाळ्यात ओंडक्यांची झोपडी. लाकूडतोड, बुंधे उपटायला तीन वर्षं. गहू इतका की घरच्यांनी विश्वास ठेवू नये. शेजारच्याच खेड्यातून आलेली कॅथरिना, तिच्याशी लग्न. पाच मुलं. एका पत्रात फक्त एवढं की घसा धरून दोघं गेली, एकाच आठवड्यात, आणि लगेच पुढच्या ओळीत, काळी गाय व्याली, कालवड झाली. मी तिथे थांबलो, तर बाई म्हणाल्या, वाचा. गाईंना तो घरच्याच गाईंची नावं ठेवायचा. शेताच्या एका तुकड्याला गिरणीकडचं रान म्हणायचा, जरी तिथे दहा मैलांत गिरणी नव्हती. ती गिरणी होती इथे, हुबरांच्या शेताखाली. आणि प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला: मी बरा आहे, इथे सर्व उत्तम आहे, काळजी नसावी.

ते वाक्य पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं. मीही त्याच खोलीतून, त्याच खिडकीशी बसून, तेच लिहीत होतो.

टोनी सुरुवातीला येता जाता ऐकायचा, मग बसूनच ऐकायला लागला. बूट तेल लावून चकचकीत करायचा आणि मध्येच विचारायचा, किती एकर म्हणाला? रान केवढं? त्याच्या डोळ्यांपुढे एक मोठी जागा उघडत चालली होती आणि ती मी उघडत होतो. हुबरबाईंनी त्याला एकदाही जाऊ नको म्हटलं नाही. मला याचं नवल वाटायचं. माझ्या आईनं स्टेशनवर, बँडच्या आवाजात, माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला शेवटचं पत्र माझ्या हाती आलं. वर, पांघरूण गुंडाळून, मी ते लावलं. अक्षर कापरं होतं. सफरचंदाच्या झाडांचं होतं, पावसाचं होतं. मग लिहिलं होतं:

‘कॅथरिना वारली. मुलं आपापल्या शेतांवर आहेत. नातवंडांना माझं बोलणं कळत नाही. भावा, मी इतकी वर्षं खोटं लिहिलं, कारण निघताना आईला म्हणालो होतो की मी बरा राहीन. मी एक दिवसही बरा नव्हतो. माझी माडीवरची खोली रिकामी आहे का? नसली तर गोठ्याच्या माळ्यावर झोपेन. उत्तर लवकर दे.’

पत्राच्या पाठीवर पेन्सिलीनं, निराळ्या अक्षरात, एकच शब्द होता. मिळालं. पेटीत त्यानंतरचं पत्र नव्हतं.

मी ते ज्या खोलीत वाचत होतो ती तीच खोली होती. माझ्या ट्रंकेवर माझं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, बाहेर धुकं होतं, आणि कांपान्ये संपायला अजून चार आठवडे होते. मी खिडकी उघडली तर धुकंच आत आलं.

खाली गेलो. टोनी बाकावर होता, बाई बटाटे सोलत होत्या. मी सफरचंदं वाचली, पाऊस वाचला आणि त्या ओळीपाशी आलो. मग अण्णांसारखा अलगद पुढे सरकलो. तुमचा गेऑर्ग, असं म्हणून कागद मिटला. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगितलं की एका म्हातारीला तिच्या सासरची लाज ऐकावी लागू नये म्हणून मी ते केलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं असं की ते वाक्य मोठ्यानं म्हटलं असतं तर मी तिथेच रडलो असतो.

बाईंची सुरी थांबली होती. “संपलं?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

“एवढंच?”

“एवढंच.”

सुरी पुन्हा चालू झाली. टोनी म्हणाला, बघ आई, म्हातारा शेवटपर्यंत खूश होता. मी इंग्रजीत गेऑर्गचा दोन पानी इतिहास लिहून दिला, कष्टाळू आणि समाधानी शेतकऱ्याचा. विस्कॉन्सिनचे लोक इतके आनंदले की त्यांनी टोनीचे कागद दोन महिन्यांत करून पाठवले.

फेब्रुवारीत तो गेला. गाई शेजाऱ्यानं नेल्या. मी त्याला स्टेशनवर पोचवलं, बाई अंगणातच थांबल्या. परत आलो तर त्या रिकाम्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. माझाही मुक्काम आठवड्यानं हलणार होता. म्हटलं, आता चप्पल घालायची वेळ आली. बाई जेवल्या होत्या, ऊन पडलं होतं. मी म्हणालो, फ्राऊ हुबर, त्या शेवटच्या पत्रात थोडं वाचायचं राहिलं होतं.

त्यांनी गोठ्याकडे तोंड ठेवूनच ते मला म्हणून दाखवलं. कॅथरिना वारली इथपासून उत्तर लवकर दे इथपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

“लग्न होऊन आले त्या वर्षी सासूनं मला ते आधी वाचायला दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणाली, या घराला हे माहीत असलं पाहिजे. कुणालाही अडकवू नये, पण कुणी परत यायचं म्हटलं तर दार उघडं हवं.”

मी विचारलं, मग तुम्ही टोनीला का नाही सांगितलंत?

“मी सांगितलं असतं तर ती आईची युक्ती ठरली असती. मला दिसत नाही हे त्याला ठाऊक आहे. मनाचंच सांगते म्हणाला असता. ते परक्या माणसानं कागदावरून वाचायला हवं होतं. जाऊ नको असं मला म्हणायचंच नव्हतं, निकम. जायचं तर हे ऐकून जा, एवढंच. म्हणून तर तुम्हाला लिपी शिकवली.”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी सूप गरम केलं. पाटी अजून शेगडीपाशी होती. तिच्यावर माझ्या हातचं एक मोठं अक्षर होतं, ते कुणी पुसलं नव्हतं. त्यानंतरचे सहा दिवस त्या घरात मला जिन्यावरचा स्वतःच्या पावलांचा आवाजसुद्धा नकोसा वाटायचा.

परत आलो तेव्हा स्टेशनवर पुन्हा बँड होता. आई मात्र नव्हती. घरी गेल्यावर समजलं की मी गेलो त्याच हिवाळ्यात ती आडाशी पडली, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणावरच आहे. अण्णांच्या सगळ्या पत्रांत ती मजेत होती. त्यांना बोलायला मला तोंड कुठे होतं. त्यांनी माझ्यासाठी जे केलं तेच मी दुसऱ्याच्या मुलासाठी केलं होतं. आणि माझ्या क्षेमकुशलावर त्यांनी तरी किती विश्वास ठेवला असेल, कोण जाणे.

टोनीनं मला कधी लिहिलं नाही. मीही त्याला लिहिलं नाही. दर हंगामात ठरवायचो आणि दर हंगामात चाळण, भट्टी, बॉयलर यांच्यात ते विरून जायचं. गेऑर्गच्या त्या पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, त्या वेळीच उतरवून घेतलेली. ती सात वर्षं त्याच खणात आहे, जिथे सोमवारी आलेलं पाकीट आता आहे.

पाकीट जाड होतं. त्यात सहा कागद, आणि प्रत्येक कागदावर तीनचार शब्द, अंगठ्याएवढ्या जुन्या अक्षरांत. ओळी चढउतार करणाऱ्या, काही अक्षरं एकमेकांवर बसलेली. हुबरबाईंनी कुणाला न सांगता स्वतः लिहिलं होतं. मी ते कागद जमिनीवर ओळीनं मांडले आणि उभ्यानं वाचले.

‘टोनीचं पत्र सोबत आहे. शेजारची मुलगी वाचून दाखवते. सगळं छान आहे म्हणते. तुम्ही वाचत होतात तशीच वाचते. तुम्ही आता पूर्ण वाचा. मग मला लिहा.’

मी बायकोला म्हणालो, डोळ्यात चुन्याची धूळ गेली. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला.

टोनीचं पत्र चार पानी, बारीक अक्षरात. गोठा मोठा आहे. हिवाळा मोठा आहे. पणतूचे मुलगे चांगले आहेत, जर्मन कुणालाच येत नाही. गाईंपैकी एकीचं नाव त्यानं घरच्या तांबडीचं ठेवलं आहे. मी बरा आहे, इथे सर्व उत्तम आहे, काळजी नसावी. मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. त्या मुलीनं गाळावं असं काही मला सापडेना. मग सही. आणि सहीच्या खाली, कागद संपता संपता, कोपऱ्यात दाबून बसवलेली एक ओळ होती. ती तिनं वाचलीच नसेल, किंवा उगीच विचारलेलं म्हणून सोडून दिली असेल.

‘माडीवरच्या खोलीत आता कोण राहतं?’

गेऑर्गचं शेवटचं पत्र टोनीनं कधी ऐकलं नव्हतं. ते मीच त्याला ऐकू दिलं नव्हतं. हे शब्द त्याचे त्याला सुचलेले होते.

तीन दिवस मी ते वाक्य घेऊन फिरलो. आज पाळी बदलल्यावर गोदामात गेलो आणि पोत्यांवर मार्का मारायचा ब्रश आणि काळी शाई मागून आणली. गोदामवाला म्हणाला, साहेब, पोती तर अजून भरली नाहीत. म्हटलं, असू दे. ऑफिसच्या टेबलावर मोठे कागद पसरले. आधी टोनीसाठी गेऑर्गचं पत्र, पेनानं, त्याला वाचता येईल अशा नव्या लिपीत, कॅथरिना वारली इथपासून पाठीवरच्या मिळालं या शब्दापर्यंत. ते मी गाळलं होतं हेही लिहिलं, आणि त्याच्या आईला ते सगळं पाठ होतं हेही. मग हुबरबाईंसाठी ब्रशनं, जुन्या लिपीत, अंगठ्याएवढं. हात आधी बिचकला, मग अक्षरं आपोआप उतरली:

‘टोनी विचारतो, माडीवरच्या खोलीत आता कोण राहतं.’

आणि दुसऱ्या कागदावर: ‘काही गाळलेलं नाही. उत्तर द्या.’

शाई वाळायला वेळ लागतो. खिडकीतून गाड्यांची रांग दिसते आहे, एक गाडी आत आली की मागच्या सगळ्या एक एक पाऊल पुढे सरकतात. टपाल अकराच्या एसटीनं जातं. मी पायांत चप्पल घालून बसलो आहे.